विसावं नाव

दर शनिवारी सकाळी मेबल हार्कर स्केलरिगच्या स्मारक हॉलचं कुलूप उघडायची, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढायची आणि शिळ्या पावाच्या गराने ओकच्या पाटीवरची सोनेरी नावं पुसायची. ओलं फडकं लावायचं नाही, सोनं उठून येतं, हे तिला आईने शिकवलं होतं. पहिल्या युद्धाची चौदा नावं, दुसऱ्याची पाच. पाचव्या नावाखाली वीतभर जागा कोरी होती. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून सुताराने तेवढं लाकूड जास्त लावलं होतं. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं, पण मेबलचा हात तिथूनही फिरायचा. धूळ काही नावं बघून बसत नाही, असं ती कुणी विचारलं तर म्हणाली असती. कुणी विचारलं नाही.

हॉल बांधला तो एकवीस साली. यॉर्कशायरच्या उत्तरेकडचं हे खोरं तेव्हाही लहानच होतं, आणि त्यातून चौदा पोरं गेली. एकाचंही प्रेत घरी आलं नाही. स्मारकाचा खांब उभारून त्याच्याकडे बघत बसण्यापेक्षा चार भिंती बांधाव्यात, असं बायकांनी ठरवलं. ओढ्यातले दगड त्यांनी एप्रनमध्ये घालून वाहिले. मेबलची आई मार्था त्यांत होती. पाटीवरचं तिसरं नाव तिच्या भावाचं. चार वर्षांचा विल्फ तिच्या झग्याला धरून मागे मागे हिंडायचा आणि वाटीएवढे दगड आणून टाकायचा. त्यातला एखादा भिंतीत कुठेतरी असेलच, असं मार्था म्हणायची.

मग त्या चार भिंतींत सगळंच झालं. लग्नाची जेवणं, पत्त्यांचे डाव, मतदान, तान्ह्या पोरांची वजनं, फुलांच्या प्रदर्शनातली भांडणं. डोरीन पीकॉक आणि तिची नणंद एका डेलियावरून सात वर्षं बोलत नव्हत्या, आणि ती सातही वर्षं दोघी हॉलच्या एकाच मोरीत कपबश्या विसळत होत्या. कुणी मेलं की स्मशानातून माणसं इथेच येत. आलेल्यांना हॅम, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, वाढून माणसाला पुरावं, नाहीतर तो नीट पुरला असं होत नाही, अशी खोऱ्यात समजूत आहे.

नोव्हेंबरातल्या स्मरणाच्या रविवारी पुकारा व्हायचा. कमिटीचा अध्यक्ष पाटीसमोर उभा राहून एकेक नाव वाचायचा आणि ज्याच्या घरातला तो, त्या घरातलं कुणीतरी उभं राहून म्हणायचं, "हजर." दुसरं काही बोलायचं नाही. घर बुडालं, किंवा कुणा बाहेरच्याने सुट्टीत राहायला विकत घेतलं, तर हॉलची किल्ली ज्याच्याकडे असेल त्याने उठायचं. किल्ली आधी मार्थाकडे होती, पन्नास सालापासून मेबलकडे. सुरुवातीला मेबल दोन नावांना उठायची. पुढे पाच झाली, मग आठ. शेवटी शेवटी एकोणिसांपैकी अकरा नावांना तीच उठायची. उठून बसून गुडघे बोलायला लागले तेव्हा डोरीन म्हणाली, "मेबल, तू उभीच राहत जा आणि उरलेल्या आठांना बस. कमी त्रास पडेल."

मेबल हसली होती. पण अकरा परक्या घरांच्या पोरांना ती हजर म्हणते आणि आपल्या घरच्या पोराचं नाव पुकारतही नाहीत, हे डोरीनच्या ध्यानात आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं. विल्फ हार्कर युद्धात मेला नव्हताच. तो सत्तेचाळीस सालच्या बर्फात गवताच्या माळ्यावरून पडून मेला. सरकारी कागदात तसंच लिहिलेलं होतं, आणि ते मेबलनेच शपथेवर सांगितलं होतं.

विल्फ युद्धात पूर्वेकडे जपान्यांच्या छावणीत साडेतीन वर्षं कैदी होता. पंचेचाळीसच्या नोव्हेंबरात परत आला तेव्हा त्याचा कोट खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. गावाने हॉलमध्ये जेवण केलं. साखर रेशनची, दूध मोजून मिळायचं, आणि तांदूळ तर दुकानात चार वर्षांत कुणी पाहिला नव्हता. डोरीनच्या सासूकडे युद्धाआधीचा एक डबा होता. तिने तो आपल्या पोरांपासून लपवून ठेवला होता, कुणीतरी परत येईल त्या दिवसासाठी. त्या तांदळाची खीर झाली. वर जायफळ, कडेला खरपूस साय. सगळ्यांना चमचाभर आणि विल्फला वाडगाभर.

साडेतीन वर्षं मूठभर भातावर उपाशी राहिलेल्या माणसापुढे भात ठेवलाय, हे खोलीतल्या साठ माणसांपैकी एकालाही सुचलं नाही. त्यांना खीर म्हणजे लाड एवढंच ठाऊक होतं.

विल्फने वाडगा पुसून खाल्ला. म्हातारीने आणखी वाढली, तीही खाल्ली. हॉलमध्ये वाढलेलं टाकायचं नसतं. मग "जरा वारा घेऊन येतो" म्हणून बाहेर गेला. मेबल मागोमाग गेली. तो भिंतीला हात टेकून वाकला होता. ओकून झाल्यावर त्याने बुटाने बर्फ ओढून त्यावर नीट घातलं.

"म्हातारीला सांगू नकोस हं," तो म्हणाला.

पुढे कितीतरी वर्षं गावात गोष्ट सांगत, की विल्फ हार्करने खिरीचे दोन वाडगे हाणले होते, तिकडे चटक लागली होती बेट्याला. मेबल ती ऐकून घ्यायची.

त्याला गुरांचं काम झेपेना म्हणून कमिटीने त्याला हॉलची शेगडी पेटवायचं काम दिलं. हॉलच्या मागे बिलियर्डची खोली होती. तो तिथे बसून राहायचा. खेळायचा नाही, नुसते चेंडू एका रांगेत लावायचा, त्यांच्याकडे बघायचा आणि पुन्हा पहिल्यापासून लावायचा.

सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत बर्फाने खोरं बंद झालं. कुंपणाच्या भिंती बुडाल्या, मेंढ्या उभ्याच्या उभ्या गाडल्या गेल्या. एका गुरुवारी सकाळी विल्फ न्याहारीला आला नाही. मेबल फावडं घेऊन हॉलपर्यंत गेली. बिलियर्डच्या खोलीत त्याने गळफास घेतला होता.

ती आईला घेऊन आली. मार्था खोलीत शिरली, बघितलं, आणि रडायच्या आधी तिने दार लावून घेतलं.

"गवताची घसरगाडी आण," ती म्हणाली.

"आई, डॉक्टरला..."

"डॉक्टर चार दिवस येत नाही. गाडी आण आणि त्याचा जाड मफलर आण."

बर्फाच्या दोन भिंतींमधून त्या दोघींनी त्याला घरी नेलं. वाटेत कुणी भेटलं नाही. गोठ्यात, माळ्याच्या शिडीपाशी त्याला ठेवताना मार्थाने समजावलं, आणि ते तिने पिठाचं प्रमाण सांगावं तसं सांगितलं. "तो पडला. मी स्वयंपाकघरात होते, तू कोंबड्यांकडे होतीस, तुला आवाज आला. असं झालं म्हणजे पाद्री त्याला नाकारणार नाही, तो वडिलांशेजारी झोपेल. आणि हॉल हॉल राहील."

"हॉलचं काय आत्ता?"

"उद्या त्या हॉलमध्ये पोर वजनाला आणील का कुणी? तिथे लग्न करील का? चौदा आयांनी दगड वाहिलेत, मेबल. माझ्या एका पोरासाठी मी तो बंद पाडायचा?"

डॉक्टर पाचव्या दिवशी पायाला बर्फावर घसरायच्या फळ्या बांधून आला. त्याने मफलर दोन बोटांनी बाजूला केला, पुन्हा होता तसा गुंडाळला आणि हात धुवायला पाणी मागितलं. मान मोडली आहे, पडल्याने, असं तो म्हणाला. बर्फ वितळल्यावर मार्चमध्ये चौकशी झाली. ती हॉलमध्येच झाली, दुसरी जागा होती कुठे. तेवीस वर्षांच्या मेबलने बायबलवर हात ठेवून कोंबड्यांचं सांगितलं. त्या वेळी तिच्या पाठीमागे बारा पावलांवर बिलियर्डच्या खोलीचं दार होतं.

तिने लग्न केलं नाही. नेड ॲल्डर्सनने दोनदा विचारलं होतं, माणूस चांगला होता. पण त्याची आई जेवणाच्या टेबलांचं बोलायला लागली, हॉलमध्ये किती मावतील आणि मागच्या खोलीत केक कसा ठेवायचा, तेव्हा मेबल म्हणाली की मला आईला सोडवत नाही. नेडने पुढच्या वर्षी दुसरीकडे केलं. त्याचा केक मागच्या खोलीत मेबलनेच मांडला.

बिलियर्डचं टेबल पुढे गेलं, खोली तान्ह्या पोरांच्या वजनाला लागली, मग तिथे बालवाडी आली. मेबल ती खोली झाडायची, पुसायची, खिडक्यांना पडदे शिवायची. फक्त तिथे कधी बसायची नाही.

मार्था अठ्ठ्याण्णव वर्षं जगली. शेवटच्या आठवड्यात तिला पाणी जात नव्हतं, तरी बोलायला तोंड चालत होतं. "मी गेल्यावर तुझी जीभ सैल सुटू देऊ नकोस," ती म्हणाली. "मी वरून बघते."

"वरून बघशील तर विल्फही तिथेच असेल," मेबल म्हणाली. "त्याला विचार."

मार्थाने भिंतीकडे तोंड केलं. चार दिवसांनी ती गेली आणि तिला हॅम वाढून पुरलं.

त्यानंतर दीड वर्षाने, पंच्याण्णवच्या जानेवारीत, हॉलच्या दारावर कागद लागला. युद्ध संपल्याला पन्नास वर्षं होणार, पाटीवरच्या नावांना नवं सोनं चढवायचं आहे, कुणाचं नाव राहून गेलं असेल तर कमिटीला कळवावं. नियम पहिल्यापासूनचाच होता, युद्धामुळे मरण आलेलं असावं. मेबलने वहीचा कागद फाडून लिहिलं: विल्फ्रेड हार्कर. तिला एवढंच हवं होतं, ती कोरी जागा भरावी आणि नोव्हेंबरात त्याचं नाव पुकारावं. ती एकाहत्तर वर्षांची होती. आपल्यामागे हे नाव सांगणारं कुणी नाही, हे तिला माहीत होतं.

कमिटीचा अध्यक्ष जेफ्री कोट्स तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. पन्नाशीचा, मेंढ्यांवाला, मनाने सरळ.

"मेबल, तुम्हाला नाही म्हणायचं जिवावर येतं," तो म्हणाला. "पण विल्फ माळ्यावरून पडले. माळ्यावरून पडलेल्यांची नावं लावायची तर हॉलला आणखी एक मजला चढवावा लागेल."

"विनोद चांगला आहे. तुझ्या बापाचा आहे."

"माझ्या बापाचाच आहे. नियमही त्याच्याच वेळचा."

"जेफ्री, तुला मी त्या हॉलमध्ये वजनकाट्यावर ठेवलंय. तू काट्यावर मुतला होतास."

"हे तुम्ही दरवेळी सांगता." त्याने कप खाली ठेवला. "काही कागद आहे का? छावणीत लागलेलं दुखणं, डॉक्टरचं काही? असेल तर मी स्वतः रंगाऱ्याला घेऊन येतो."

"कागद नाही," मेबल म्हणाली. "सभेत बोलेन."

एप्रिलच्या सभेला तीसेक माणसं होती. छताचं झालं, खुर्च्यांचं झालं. मग जेफ्रीने विल्फचं नाव घेतलं आणि मेबल उभी राहिली. तिने मनाशी बरंच जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना.

"माझा भाऊ माळ्यावरून पडला नाही," ती म्हणाली. "त्याने जीव दिला. मी शपथेवर खोटं बोलले, इथेच, या जागेवर. त्याला छावणीने मारलं, दीड वर्ष उशिरा. बर्फ नसतं तर तुम्हा सगळ्यांना तेव्हाच कळलं असतं."

मग डोरीनने विचारलं, आणि आवाज वाईट नव्हता, नुसता घरगुती होता, "कुठे, मेबल?"

हे विचारतील असं मेबलला वाटलं नव्हतं. तिला माळ्यावर, ओढ्यावर, कुठेही म्हणता आलं असतं. पण अर्धं खोटं ठेवून नाव मागायचं, तर मग ते आधीचंच काय वाईट होतं.

तिने मागच्या दाराकडे हात केला. दारावर बालवाडीतल्या पोरांनी रंगवलेली बदकं चिकटवलेली होती.

पहिल्या रांगेत कॅरन बसली होती, बालवाडी चालवणारी, डोरीनची सून. ती बदकांकडे बघतच राहिली.

"नाव लावायला कुणाची हरकत?" जेफ्रीने विचारलं. एकही हात वर झाला नाही. "बाजूने?" सगळे हात वर गेले. कॅरनचाही गेला. नंतर डोरीनने मेबलचा दंड धरला आणि म्हणाली, "अठ्ठेचाळीस वर्षं. अगं, मला तरी सांगायचंस." आणि मग, "आमच्या म्हातारीचा तांदूळ..." एवढं बोलून ती कपबश्यांकडे गेली.

मे महिन्यात रंगारी आला. कोऱ्या जागेत विल्फचं नाव बसलं. अक्षरं बाकीच्यांपेक्षा थोडी जास्त चकचकीत होती.

जूनमध्ये कॅरन खेळणी न्यायला आली. बालवाडी शाळेच्या पडवीत हलवत होती. "मिस हार्कर, तुमच्यावर राग नाही हं," ती खोकी उचलताना म्हणाली. "पण आया विचारतात. एका पोरीने घरी जाऊन विचारलं, तो मेलेला माणूस खोलीत अजून आहे का. मी काय सांगू?"

"आणखी ती छोटी टेबलं राहिली," मेबल म्हणाली, आणि दोघींनी मिळून ती गाडीत चढवली.

जुलैत डोरीनच्या नातीचं लग्न होतं. तिने खाली बाजाराच्या गावातलं हॉटेल घेतलं. पत्त्यांचा डाव प्रार्थनाघरात गेला, तिथे खुर्च्या मऊ आहेत असं कारण झालं. शिवणाच्या बायका कारणही न सांगता गेल्या. कुणी मेबलला टोचून बोललं नाही. दुकानात तिला आधीपेक्षा जास्त प्रेमाने विचारपूस व्हायची, हवा कशी, गुडघे कसे. आई म्हणाली होती तसंच्या तसं होत होतं, आणि ज्यांच्या हातून होत होतं ती सगळी चांगली माणसं होती.

नोव्हेंबरात पुकाऱ्याला मात्र हॉल भरला. जेफ्रीने एकोणीस नावं वाचली आणि विसावं वाचलं. "विल्फ्रेड हार्कर." मेबल उठली. अकरा घरांसाठी तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जायचा, आज तो पुढच्या खुर्चीपर्यंत तरी गेला की नाही, शंका होती. पण तिने म्हटलं. जेफ्री थांबला होता, त्याने ऐकल्यासारखी मान हलवली. चहा न घेता माणसं लवकर पांगली. मागच्या खोलीच्या बाजूच्या खुर्च्यांवर कुणी बसलंच नव्हतं.

डिसेंबरात जेफ्री पुन्हा स्वयंपाकघरात आला. या वेळी त्याने टोपी हातातच ठेवली.

"कमिटीने ठरवलंय," तो म्हणाला. "मागच्या खोलीला भिंत घालायची. दार चिणून टाकायचं, आतून गिलावा. खोलीच नाही म्हटल्यावर वर्षा-दोन वर्षांत लोक विसरतील. परत येतील. नाहीतर हॉल जातो, मेबल. छतासाठीसुद्धा पैसे उभे राहत नाहीत, कुणी येतच नाही तर."

"आणि पाटी?"

"पाटीला कोण हात लावतं. नाव राहील. ते मी लिहून देतो."

मेबल चुलीवरच्या किटलीकडे बघत होती. नाव हवं होतं, ते मिळालं. हॉल राहावा, ही आईची गोष्ट तिला कधी खोटी वाटली नव्हती. आता दोन्ही राहणार होतं, फक्त मधली खोली जाणार होती.

"गवंडी कधी येतोय?" तिने विचारलं.

"शनिवारी सकाळी."

"त्याला बाराला ये म्हणावं. आधी नको."

"आत काही सामान राहिलंय का तुमचं?"

"नाही."

जेफ्रीने टोपी डोक्यावर चढवली.

शनिवारी तिने सातलाच मागच्या खोलीतला तेलाचा हीटर पेटवला. पूर्वेहून आल्यापासून विल्फला थंडी सोसायची नाही. तो ऑगस्टमध्येही दोन स्वेटर घालायचा. खोलीत काहीच उरलं नव्हतं, भिंतीवर कपाटांचे चौकोन आणि खिडकीत एक तुटलेला रंगखडू. मुख्य हॉलमधून तिने एक खुर्ची ओढत आणली, खोलीच्या मधोमध ठेवली आणि बसली. या खोलीत ती पहिल्यांदाच बसत होती. शिवण आणलं नव्हतं, प्रार्थनेचं पुस्तकही नाही. आधी तिला वाटलं, आपण काहीतरी बोलू. मग वाटलं, बोलून काय करायचं, तो कधी फार बोलणारा नव्हता. हळूहळू खोली तापली. काचेवरचं बर्फ खाली ओघळलं आणि बाहेरचं कुंपण दिसू लागलं. अकराच्या सुमारास तिने कोट काढून मांडीवर घेतला. तिला डुलकीही लागली असेल, कारण एकदा दचकून तिने इकडेतिकडे पाहिलं.

बाराला गवंडी आला. खालच्या गावातला होता, त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. वाळूचं घमेलं दारात ठेवून त्याने आत डोकावलं.

"अरे वा, इथे तर छान ऊब आहे, आजी," तो म्हणाला. "चांगली खोली आहे. का बुजवताय?"

मेबलने हीटर बंद केला. कोट घातला, बटणं लावली, खुर्ची उचलून दाराबाहेर आणली.

"घ्या आता," ती म्हणाली.